व्हर्जिनिया फ्लेक : डबी उघडण्यापासून बरणी मुरेपर्यंत

व्हर्जिनिया फ्लेक म्हणजे व्हर्जिनिया जातीची पानं दाबून त्यांचे काप केलेली पाइपची तंबाखू. तिची ५० ग्रॅमची डबी उघडली की एक निर्णय तिथल्या तिथे घ्यावा लागतो. येत्या काही आठवड्यांत ओढायचं किती आणि मुरायला ठेवायचं किती? डबीतून निघालेल्या फ्लेकमध्ये वजनाच्या साधारण १८ ते २० टक्के पाणी असतं, काहींत त्याहूनही जास्त. पाइपमध्ये एवढी ओल त्रास देते, बरणीत मात्र तीच हवी असते. म्हणून मुरवायचा वाटा उघडल्या उघडल्या, हवा लागायच्या आत बरणीत जातो आणि उरलेल्याचं सुकवणं नंतर निवांतपणे होतं. बरेच जण उलटं करतात. अर्धी डबी महिनाभर ओढतात आणि कोरडा पडलेला शेवटचा भाग बरणीत भरून वर्षानुवर्षं वाट पाहतात. त्या बरणीत फारसं काही घडत नाही.

ओलीचं एवढं महत्त्व का, ते पान कसं तयार होतं यावरून कळतं. व्हर्जिनियाचं पान बंद कोठारात नळ्यांतून खेळवलेल्या उष्णतेवर वाळवतात, धूर पानाला लागू देत नाहीत. सुरुवातीला ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या दमट हवेत पान पिवळं पडतं आणि त्यातल्या पिष्टाची साखर होते. मग तापमान टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि शेवटी मधली शीर वाळावी म्हणून ते ७० अंशांच्या वर नेतात. या उष्णतेने पानातली विकरं (एन्झाइम) थांबतात आणि साखर जागेवर राहते. बर्ली जातीचं पान नुसत्या हवेवर आठवडेच्या आठवडे वाळतं. तेवढ्या वेळात ते आपली साखर संपवून टाकतं. उजळ पिवळ्या पानाच्या या पद्धतीचं श्रेय स्टीफन या कामगाराला दिलं जातं. तो नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅसवेल काउंटीत अबायशा स्लेड यांच्या शेतावर गुलाम म्हणून राबत होता. १८३९ साली विझत आलेली आग त्याने लोणारी कोळशाने पुन्हा पेटवली आणि त्या तीव्र कोरड्या उष्णतेत पान सोनेरी निघालं.

तर ही साखरेची तंबाखू आहे. तिचं फ्लेक करताना शिरा काढलेली पानं ओलसर करून थरावर थर रचतात आणि दाबयंत्राखाली त्यांची वडी करतात. कुठे ही वडी थंडच दाबतात, कुठे वाफेवर. मग तिचे एक-दीड मिलिमीटर जाडीचे काप निघतात. दाब, ओल आणि उष्णता यांनी पानांतली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी संयोग पावू लागतात, रंग गडद होतो आणि वेगवेगळ्या पानांच्या चवी एकजीव होतात. इंग्लंडच्या केंडल गावातल्या सॅम्युएल गॉविथची (स्थापना १७९२) फुल व्हर्जिनिया फ्लेक ही वाफेवर दाबलेल्या, जाड, गडद आणि भरपूर ओल्या फ्लेकचा उत्तम नमुना आहे. दुसऱ्या टोकाला ऑर्लिक गोल्डन स्लाइस्ड. ती फिकट आणि पातळ असते, लवकर सुकते, तिच्यात थोडी पेरिकही (दाबाखाली आंबवलेली तिखट तंबाखू) असते. कॅप्स्टन ब्लू या दोन्हींच्या मध्ये बसते. नवख्या माणसाने सुरुवात पातळ कापाने करावी असं माझं स्पष्ट मत आहे. जाड ओली फ्लेक पहिल्याच दिवशी हातात आली तर माणूस ती पेटवण्यातच दमतो आणि व्हर्जिनिया आपल्यासाठी नाही असं ठरवून मोकळा होतो.

एक सूचना केंडलच्याच काही फ्लेकबद्दल. एनरडेलसारख्या फ्लेकला फुलांचा आणि टोंका बियांचा ठळक सुगंध दिलेला असतो. तो पाइपच्या ब्रायर लाकडात शिरतो आणि नंतरच्या कित्येक पाइपांमध्ये येत राहतो. त्यांच्यासाठी पाइप वेगळाच ठेवावा. लटाकिया, म्हणजे धुरावर वाळवलेली तंबाखू, ओढलेल्या पाइपचंही तसंच. साध्या व्हर्जिनियाची बारीक चव त्यात हरवते.

आता सुकवणं. एका पाइपला साधारण ३ ग्रॅम फ्लेक पुरते. काप एकमेकांपासून अलगद सोडवून बशीत किंवा कोऱ्या कागदावर पसरायचे. ऊन आणि पंख्याचा थेट झोत टाळायचा, कारण त्यात वरचा थर कडकडीत होतो आणि गाभा ओलाच राहतो. पातळ कापाला अर्धा ते एक तास लागतो, जाड गडद कापाला दोन-तीन तास, तर कधी रात्रभरही. घड्याळापेक्षा हवेतला दमटपणा जास्त ठरवतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असेल तर उघडी ठेवलेली फ्लेक सुकायचं नावच घेत नाही. अशा दिवशी बशी टेबलदिव्याच्या सौम्य उबेत ठेवावी. मायक्रोवेव्हच्या वाटेला मी जात नाही. पाण्याबरोबर सुगंधही उडून जातो आणि चव पोकळ लागते.

अंदाजावर विसंबायचं नसेल तर ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा. ३ ग्रॅम फ्लेकमध्ये २० टक्के ओल धरली तर पाणी ०.६ ग्रॅम आणि कोरडा भाग २.४ ग्रॅम. ओढायला बरी ओल १२ ते १४ टक्के असते. १३ टक्क्यांवर यायचं तर वजन २.७६ ग्रॅम व्हायला हवं. म्हणजे सुमारे ८ टक्के वजन उडालं की थांबायचं. मूळ ओल किती हे शोधायला त्याच डबीतला एक काप ओव्हनमध्ये १०० अंशांच्या आसपास वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवावा. जेवढं वजन घटलं तेवढं साधारण पाणी. तो काप ओढण्याच्या कामाचा राहत नाही, पण त्या डबीपुरता आकडा कायमचा हाती येतो.

काही दिवसांत बोटांनाच हे कळू लागतं. ओला काप दुमडला की आवाज न करता वाकतो आणि तसाच राहतो. चिमटीत दाबला तर बोटांना थंड आणि चिकट लागतो. बेताचा सुकलेला काप घडीवर तडकतो पण त्याचा चुरा होत नाही, आणि चिमूट सोडली की हळूहळू फुलतो. चुरा होऊन धूळ पडली तर जास्त सुकला. तो भडाभडा जळतो, चव विरळ लागते आणि पाइपची वाटी तापते. अशा वेळी तंबाखू पसरट भांड्यात घालायची, तोंडावर उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं बांधायचं आणि दर तासाने हात लावून पाहायचं. फडकं तंबाखूला टेकता कामा नये. सफरचंदाची किंवा बटाट्याची फोड डबीत टाकायचा जुना उपाय करू नये, बुरशीला तेच आमंत्रण असतं.

आणखी एक बारकावा आहे. काप कुस्करून सुकवला तर तो भराभर आणि सारखा सुकतो. अख्खा सुकवला तर बाहेरून तयार दिसतो आणि आत ओल दडून राहते. म्हणून अख्खा काप भरायचा असेल तर सुकवून झाल्यावर त्यावर पंधरा-वीस मिनिटं स्वयंपाकघरातली वाटी पालथी घालावी. आतली ओल बाहेर सरकते आणि सगळीकडे सारखी होते. मग पुन्हा चिमटीत धरून पाहावं. बऱ्याचदा अजून थोडं सुकवायला हवं असतं.

भरायच्या पद्धती तीन, आणि त्यांतून एकाच तंबाखूची चव बरीच बदलते.

अख्खा काप दुमडून भरणं हे फ्लेकचं खरं सुख. काप लांबीच्या दिशेने अर्धा फाडायचा, दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून मधोमध दुमडायच्या आणि तळहातांमध्ये हलकेच फिरवायच्या. धागे थोडे सुटले पाहिजेत, तुटले नाही पाहिजेत. ही गुंडाळी धागे उभे राहतील अशी वाटीत हलका पीळ देत सरकवायची आणि काठाखाली तीन-चार मिलिमीटर जागा सोडायची. खाली पडलेला चुरा वरून भुरभुरायचा, पेट घ्यायला तोच उपयोगी पडतो. इथे चूक नेहमी एकच होते, ती म्हणजे जास्त भरणं. फ्लेक दाबलेली असते आणि उष्णता मिळाली की फुगते. भरताना ठीक वाटलेली गुंडाळी अर्ध्यात वाटी गच्च बंद करते. म्हणून गुंडाळी बोटाच्या जोराशिवाय आत गेली पाहिजे आणि वाटीच्या भिंतीला किंचित सैल राहिली पाहिजे. पेटवण्याआधी एक झुरका ओढून पाहायचा. रिकाम्या पाइपपेक्षा किंचितच जास्त ओढ लागावी. गाल आत जात असतील तर सगळं काढून पुन्हा भरायचं. अर्ध्यात बंद पडलेल्या पाइपवर टॅम्परने (तंबाखू दाबायच्या साधनाने) दाब वाढवणं म्हणजे रोग वाढवणं. तिथे टोच्याने मधोमध एक भोक पाडावं, त्यानेही सुटलं नाही तर पाइप रिकामा करावा.

दुसरी पद्धत तुकड्यांची. काप कात्रीने आडवा-उभा कापून तीन-चार मिलिमीटरचे चौकोन करायचे, वाटीत ओतायचे आणि बाजूला बोटाने टिचक्या मारायच्या. दाबायचं अजिबात नाही. वर कुस्करलेल्या तंबाखूचा पातळ थर. पेटायला ही पद्धत सगळ्यांत हट्टी, पण एकदा धरलं की सावकाश आणि थंड जळते. रुंद वाटीत मला हीच आवडते.

तिसरी पद्धत पूर्ण कुस्करण्याची. तळहातांत गोल गोल चोळून काप मोकळा करायचा, मग तीन टप्प्यांत भरायचा. तळाला नुसता सोडायचा, मधला थर हलका दाबायचा, वरचा थोडा घट्ट. पेटतो लवकर, चव सुरुवातीपासून मोकळी मिळते, पण जळण्याचा वेग वाढतो आणि साखर असल्याने जीभ पोळायची शक्यताही. नवख्याने इथून सुरुवात करून हळूहळू अख्ख्या कापाकडे जावं.

पाइपबद्दल थोडक्यात. वाटी आतून १८ ते २० मिलिमीटर रुंद, ३५ ते ४० मिलिमीटर खोल आणि जाड भिंतीची असावी. आतला कोळशाचा थर एक-दीड मिलिमीटरच्या पुढे वाढू देऊ नये, नाहीतर तो तापून फुगतो आणि लाकडाला तडा जाऊ शकतो. ९ मिलिमीटरचा कोळशाचा फिल्टर धूर थंड करतो, पण फिकट व्हर्जिनियातली लिंबासारखी आंबटगोड छटाही गिळून टाकतो. मी तो काढून ठेवतो.

पेटवताना पहिली काडी फक्त वरचा थर करपवण्यासाठी असते. ज्योत गोल फिरवत चार-पाच छोटे झुरके घ्यायचे. तंबाखू वर उचलली जाते, ती टॅम्परच्या स्वतःच्या वजनाने सपाट करायची. मग दुसरी, खरी काडी. फ्लेक पुन्हा पुन्हा विझते आणि एका पाइपमध्ये चार-पाच काड्या लागल्या तर ते अपयश नाही. विझू नये म्हणून भराभर ओढणं हीच मोठी चूक. ओल्या तंबाखूला पेटतं ठेवायला जोर लावावा लागतो, जोराने निखारा तापतो, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि ती थेट जिभेवर येते. जीभ पोळते ती बहुतेक अशीच. झुरका इतका हलका असावा की धूर जेमतेम दिसावा. वाटी मुठीत धरता येईनाशी झाली की पाइप पाच मिनिटं खाली ठेवावा. दांडीत गुरगुर सुरू झाली तर पाइप क्लीनर तळापर्यंत सरकवून ओल टिपून घ्यावी.

अशा चालीने ३ ग्रॅम फ्लेक तास-सव्वा तास सहज चालते. फिकट पिवळ्या पानात वाळलेल्या गवताचा आणि लिंबाच्या सालीचा सुगंध येतो. लाल पानात भाजलेला पाव आणि सुकवलेल्या फळांचा आंबूस गोडवा. उष्णतेने काळ्या केलेल्या पानात जळक्या साखरेकडे झुकणारी खोल चव. वाटीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात वरून झिरपलेले रस साठलेले असतात, त्यामुळे चव तिथे सगळ्यांत दाट होते. ती कडू लागायला लागली की थांबावं. तळाची राख होईपर्यंत ओढण्याचा आग्रह नको. पाइप थंड झाल्यावर पुसून निदान एक दिवस विश्रांतीला ठेवावा.

गडद फ्लेकमध्ये निकोटीन भरपूर असू शकतं. उचकी, मळमळ, कपाळावर थंड घाम ही त्याची लक्षणं. तेव्हा पाइप ठेवून काहीतरी गोड खावं आणि बसून राहावं, उपाशीपोटी तर ओढूच नये. आणि धूर छातीत घेतला नाही म्हणून पाइप निरुपद्रवी ठरत नाही. ओठ, तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका पाइपनेही वाढतो, आणि निकोटीनची सवय लागतेच. पाइप हातात घेणाऱ्याने हे नीट समजून घेतलेलं असावं. न ओढणाऱ्याने केवळ कुतूहलापोटी सुरुवात करू नये.

आता बरणीकडे. मुरताना एकाच वेळी बऱ्याच गोष्टी चालू असतात. सुरुवातीला बंद हवेतला ऑक्सिजन वापरला जातो. तो संपत आला की ऑक्सिजनशिवाय होणारे बदल पुढे सरकतात. साखर आणि अमिनो आम्लं यांचा संथ संयोग चालूच असतो. पानातली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं मोडतात आणि त्यांतून फळाफुलांच्या वासाची द्रव्यं तयार होतात. धार कमी होते, रंग गडद होतो. या सगळ्याला पाणी लागतं आणि सुरुवातीला थोडी हवाही. म्हणून बरणीतली हवा यंत्राने काढून घेऊ नये. बरणी गरम करून सीलबंद करण्याचीही गरज नाही. उष्णतेने चव शिजते.

बरणी काचेचीच, दोन भागांच्या धातूच्या झाकणाची किंवा रबरी कड्याची आणि तारेच्या खटक्याची. साबणाने धुऊन उकळत्या पाण्यातून काढायची आणि पूर्ण वाळू द्यायची. आत पाण्याचा थेंबही राहिला तर बुरशी तिथूनच सुरू होते. लोणच्या-मसाल्याची जुनी बरणी घेऊ नये, झाकणाच्या आतल्या थरातला वास कधीच जात नाही. २५० मिलिलिटरच्या बरणीत ५० ग्रॅम फ्लेक वर थोडी जागा राहून बसते. काप डबीत होते तसेच, कुस्करल्याशिवाय ठेवायचे, ठासून भरायचे नाहीत. मोठ्या बरणीपेक्षा लहान बरण्या चांगल्या, कारण एक उघडली तरी बाकीच्यांची घडी मोडत नाही. प्लॅस्टिकच्या साध्या पिशव्यांतून ओल काही महिन्यांत निघून जाते, त्यांत मुरवायला ठेवू नये.

चिठ्ठीवर तंबाखूचं नाव, डबीवरची तारीख आणि बरणीत भरल्याची तारीख लिहायची. शिवाय भरलेल्या बरणीचं झाकणासकट वजनही लिहावं. ही सवय फार थोड्या जणांना असते. वर्षाने पुन्हा वजन केलं की झाकण गळतंय की नाही ते न उघडता कळतं. २० टक्के ओलीच्या ५० ग्रॅम फ्लेकमध्ये १० ग्रॅम पाणी असतं. बरणीचं वजन १ ग्रॅमने घटलं तर ओल साधारण १८ टक्क्यांवर आली, झाकण बदलायला वेळ आहे. ४ ग्रॅमने घटलं तर ती १३ टक्क्यांवर आली. ती बरणी आता ओढायला काढावी.

जागा अंधारी आणि तापमान स्थिर असावं, १५ ते २५ अंशांच्या दरम्यान. दिवसा तापणारं आणि रात्री निवणारं कपाट नको. तापमान खालीवर झालं की आतला दाब बदलतो, झाकण श्वास घेऊ लागतं आणि काचेवर ओल जमते. फ्रिजही नको, तिथे मुरणं जवळजवळ थांबतं.

न उघडलेली डबी तशीच मुरवायची असेल तर गोल, हवा काढून बंद केलेली डबी चौकोनी डबीपेक्षा भरवशाची. चौकोनी डब्यांच्या कोपऱ्यांतून सील सुटतं हे बऱ्याच जणांनी अनुभवलंय. झाकणाच्या मध्यावर बोटाने हलकं दाबून पाहावं. टकटक वरखाली झालं तर सील गेलेलं असण्याची शक्यता मोठी, ती तंबाखू लगेच बरणीत हलवावी. झाकण किंचित फुगलेलं असेल तर घाबरू नये, आत तयार झालेल्या वायूचा तो दाब असतो. दमट जागेत डबी बाहेरून गंजते आणि गंज आत पोहोचला की तंबाखू वाया जाते, म्हणून डब्या जमिनीला किंवा भिंतीला टेकवून रचू नयेत.

काही वर्षांनी कापांवर पांढरी झाक दिसू लागते आणि इथे बरीच चांगली तंबाखू भीतीपोटी फेकली जाते. भिंगाखाली विजेरी तिरकी धरून पाहावं. चकाकणारे, कोनदार, टणक कण पानाला चिकटलेले असतील तर ते स्फटिक आहेत, निर्धोक आणि चांगल्या मुरण्याची खूण. कापसासारखे तंतू, मळकट करडा किंवा हिरवा रंग, कुबट तळघराचा वास यांतलं एक जरी असलं तरी बुरशी. मग तेवढाच काप काढून बाकी वाचवायचा प्रयत्न करू नये. सगळी बरणी टाकून द्यावी आणि झाकणही पुन्हा वापरू नये.

वाट किती पाहायची? पहिल्या सहा महिन्यांत कडा मऊ होतात. दोन वर्षांनी फरक कुणालाही ओळखू येतो. पाच वर्षांच्या आसपास फिकट आणि लाल व्हर्जिनिया सगळ्यांत जास्त परतावा देतात असं मला वाटतं. गवताची हिरवट चव जाऊन तिथे फळांचा दाट गोडवा येतो. दहा वर्षांनंतर बदल फार सावकाश होतो, आणि अतिशय जुन्या बरणीत गोलाई येते पण जोम ओसरतो. वाफेवर आधीच काळी केलेली फ्लेक कमी बदलते, तिचं बरंचसं काम कारखान्यातच झालेलं असतं. वरून सुगंध दिलेली फ्लेक मुरवण्यात मला फायदा दिसत नाही. सुगंध उडतो आणि खालचं पान क्वचितच तेवढं चांगलं असतं.

मुरलेली बरणी उघडल्यावर पहिला वास व्हिनेगरसारखा झणझणीत येऊ शकतो. ती खराब झालेली नसते. पहिले काप अर्धा तास उघडे ठेवले की तो वास निवळतो आणि खालचा गोडवा वर येतो. मुरलेला काप नव्यापेक्षा नाजूक असतो, धागे सहज सुटतात, म्हणून गुंडाळी आणखी सैल ठेवावी लागते आणि सुकवायला वेळही बहुधा कमी लागतो. उघडल्यानंतर बरणीत ताजी हवा शिरते आणि आतला समतोल बदलतो. पहिले काही आठवडे चव आणखी उमलते, मग हळूहळू सपाट होत जाते. ५० ग्रॅमची बरणी दोन-तीन महिन्यांत संपवायच्या बेतानेच उघडावी. प्रत्येक वेळी पाइपपुरते काप काढून झाकण लगेच घट्ट बसवावं, आणि तळाशी राहिलेला चुरा टाकू नये. पुढच्या गुंडाळीच्या वर भुरभुरायला तोच सगळ्यांत चांगला.